नाकसाहेब आणि विनवण्या करणारा वारा

नाकसाहेबांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरात आहे, पण ती पाटी वाचायची तसदी जिन्यातल्या कुणी कधी घेतली नाही. नाकसाहेब म्हटलं की काम भागतं. अग्निशमन खात्यात आग विझवणारे वेगळे आणि आग विझल्यावर "ही लागलीच कशी?" असं विचारत राखेत उकिडवे बसणारे वेगळे. नाकसाहेब दुसऱ्या जातीतले. चोवीस वर्षं त्यांनी जळक्या घरांत नाक खुपसून काढली. वायरचा वास वेगळा, तेलाचा वेगळा, गादीच्या कापसाचा वेगळा आणि खोटं बोलणाऱ्या घरमालकाच्या घामाचा वास तर सगळ्यांत वेगळा, असं ते छातीठोकपणे सांगत.

नोकरीतलं नाक नोकरीत ठेवून यावं की नाही? पण नाही. संध्याकाळी घरात शिरले की आधी इस्त्रीला हात लावून बघणार, मग स्विचबोर्डाला नाक लावणार, मग स्वयंपाकघरात डोकावणार.

"दुपारी कोण आलं होतं?"

"कुणी नाही," बायको म्हणायची.

"मग दोन कप ओले कसे?"

"दोन्ही कप मीच प्यायले. करा अटक!"

एकदा खालच्या मजल्यावर दूध करपलं, तर हे वही-पेन घेऊन त्यांच्या दारात हजर. किती वाजता लागलं, पातेलं कोणत्या शेगडीवर होतं, त्या वेळी फोनवर कोण होतं. खालच्या बाई आजतागायत दूध तापवताना आधी खिडकी लावून घेतात.

अशा माणसावर एका सकाळी खात्यानेच बाँब टाकला. यापुढे तपासाचे सगळे अहवाल मुख्य कचेरीकडे इंग्रजीत जाणार, म्हणून प्रत्येक तपासनिसाने इंग्रजी वाचनाची परीक्षा पास झालीच पाहिजे. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर तपासाचं काम बंद आणि बदली नळ्यांच्या गोदामात. तिथे काय, तर आलेल्या नळ्या गुंडाळायच्या, गेलेल्या नळ्या लिहायच्या आणि निवृत्तीची वाट बघायची.

नाकसाहेबांना इंग्रजी वाचायची भीती नव्हती. यंत्रांची माहितीपुस्तकं ते वर्षानुवर्षं इंग्रजीतच वाचत आले होते. तीनपैकी दोन संधी घेऊन झाल्या, आणि पहिले दोन विभाग त्यांनी दोन्ही वेळा धडाधड सोडवले. घोडं अडलं ते तिसऱ्या विभागात. परीक्षा घेणारं मंडळ बाहेरचं, सगळ्या खात्यांना एकच पेपर. तिसऱ्या विभागात गोष्टीतला एक उतारा देत आणि विचारत: इथे उपमा कोणती, रूपक कोणतं, निर्जीव वस्तूला माणसासारखं कुठे वागवलं आहे, लेखकाने असं का केलं, आणि वाचकावर त्याचा काय परिणाम होतो? गुण वीस. त्यांत निदान आठ हवेतच, नाहीतर बाकीच्या विभागांत शंभर मिळाले तरी नापास.

पहिल्या खेपेला उताऱ्यात वाक्य होतं, की दिवसभर वारा दार ठोठावत होता आणि आत घ्या म्हणून विनवण्या करत होता. नाकसाहेबांनी ते तीनदा वाचलं आणि स्वच्छ अक्षरात उत्तर लिहिलं: "वारा विनवण्या करू शकत नाही. ज्या अर्थी दार ठोठावलं गेलं आणि विनवण्या ऐकू आल्या, त्या अर्थी बाहेर माणूस होता. लेखकाने दार उघडून पाहिलेलं नाही. लेखकाची पुन्हा चौकशी व्हावी."

गुण दोन.

दुसऱ्या खेपेला तिचं हसू म्हणजे उघडी खिडकी होती, असं काहीतरी आलं. त्यावर ह्यांचा शेरा: "खिडकी कोणत्या दिशेला, याचा तपशील नाही." गुण तीन.

"एका गुणाची प्रगती आहे," बायको म्हणाली. "या हिशोबाने आठावर यायला अजून पाच परीक्षा लागतील. आणि उरलीये एक."

नाकसाहेबांना भलताच वास येत होता. हा विभाग मुद्दाम घातलाय. अहवालात कधी कुणी उपमा लिहितो का? मग परीक्षेत कशाला? कुणाला तरी आपल्याला गोदामात घालायचंय. गोदामातला माणूस एकटा बसून कंटाळलाय, गप्पांना सोबत हवी म्हणून त्यानेच वर शब्द टाकला असणार. ही शंका त्यांनी बायकोला इतकी गंभीर चेहऱ्याने सांगितली, की तिला हसूही येऊ लागलं आणि रडूही. कारण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. हा माणूस नळ्या गुंडाळत बसला तर वर्षाच्या आत स्वतःच गुंडाळला जाईल. राखेतून कारण शोधून काढणं हे त्यांचं पोट भरायचं काम नव्हतं नुसतं, त्यांचा तो श्वास होता.

म्हणून तिने परस्पर धाकट्या बहिणीला बोलावलं. मेहुणी शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. जीभ कात्रीसारखी, आणि भाऊजींची फिरकी घेणं हा जन्मसिद्ध हक्क. पहिल्याच दिवशी तिने जेवणाच्या टेबलावर जाडजूड वही आपटली.

"भाऊजी, ही नमुना-उत्तरं. पाठ करा. उपमा दिसली की लिहायचं, 'यामुळे वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं.' वादळ, अंधार, धूर, काहीही आलं की लिहायचं, 'यामुळे वाचकाच्या मनात भीती निर्माण होते.' माझे अख्खे वर्ग यावर पास होतात."

नाकसाहेबांनी वही उघडली, दोन पानं वाचली आणि मिटवून तिच्याकडे सरकवली.

"काय झालं?"

"एका आगीचे चार साक्षीदार आले आणि चौघांनी एकच वाक्य शब्दाला शब्द म्हटलं, तर मी काय करतो माहीत आहे?"

"काय करता?"

"चौघांना चार खोल्यांत बसवतो आणि पाचवा शोधतो, ज्याने ते पढवलं."

"पाचवी मी समोरच बसलेय! घ्या जबाब माझा!" मेहुणी उसळली. "अहो, पेपर तपासणारा तुमच्यासारखा नसतो. त्याला दिवसाला साठ पेपर उरकायचे असतात."

"तसा असला तर तो तपासनीस नव्हे."

"ताई, ह्यांना गोदामातच जाऊ दे गं. नळ्यांवर तरी संशय घेऊ देत."

असं पंधरा दिवस चाललं. ती म्हणे, उपमेत 'सारखं' किंवा 'जसं' येतं, रूपकात सरळ 'हेच ते' म्हणतात. नाकसाहेब म्हणत, म्हणजे उपमा देणारा निदान कबूल करतो की दोन वस्तू वेगळ्या आहेत, रूपकवाला तर धडधडीत खोटी साक्ष देतो. ती कपाळावर हात मारून घेई. बायको आतून ओरडे, "चहा टाकू की दोघांच्या डोक्यावर पाणी ओतू?"

मग एका लाँड्रीला आग लागली.

छोटं दुकान. माणूस दगावला नव्हता, कपडे मात्र निम्मे गेले होते. नाकसाहेब पोचले तेव्हा मालक फुटपाथवरच सुरू झाला, "साहेब, आग राक्षसासारखी आली हो! ज्वाळा नुसत्या थयथया नाचत होत्या! डोळ्यांदेखत दुकान गिळलं माझं!" बोलताना दोन्ही हात हवेत. नाकसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग इस्त्री करणाऱ्या बाईला बाजूला घेतलं. ती पायरीवर बसली होती, हातात अजून कुणाचीतरी बाही होती.

"कशी लागली?"

"कोपऱ्यातल्या इस्त्रीपाशी, पडद्याला. खालून," ती म्हणाली. मग, पडदा अजून समोर जळत असल्यासारखी बघत म्हणाली, "पायातला मोजा ओढताना कसा गुंडाळत येतो, तसा पडदा गुंडाळत गुंडाळत वर गेला. आणि दांडीला गोळा होऊन बसला."

नाकसाहेब आत गेले. दांडीवर पडद्याचा वितळलेला काळा गोळा तस्साच होता. बाहेर येऊन त्यांनी मालकाला फक्त दोन प्रश्न विचारले. नाचणाऱ्या ज्वाळा आधी डावीकडे नाचल्या की उजवीकडे? आणि तुमच्या मानेवर हे कापलेले केस कसले? तिसऱ्या प्रश्नाची गरजच पडली नाही. मालक कोपऱ्यातली इस्त्री तापत ठेवून शेजारच्या सलूनमध्ये बसला होता. त्याने आग पाहिलीच नव्हती, बंब पाहिला होता.

संध्याकाळी शिकवणीच्या टेबलावर नाकसाहेबांनी ही गोष्ट नुसती तक्रार म्हणून सांगितली. "बघ, म्हणून मला तुमच्या उपमांचा राग येतो. ज्याने पाहिलं नाही त्याची आग नेहमी नाचते. चोवीस वर्षांत मी शेकडो जबाब घेतले. राक्षस, नाच, गिळणं, सगळ्यांचं तेच ते. सगळं उसनं."

मेहुणीच्या हातातला कप तसाच राहिला. "आणि ती इस्त्रीवाली?"

"ती खरं बोलत होती."

"कशावरून?"

"मोजा म्हणाली ना! पाहिल्याशिवाय मोजा सुचतच नाही कुणाला."

"भाऊजी," मेहुणी हळूच म्हणाली, आणि ती हळू बोलते तेव्हा घरातले सावध होतात, "मोजा हे काय आहे?"

नाकसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "उपमा," ते म्हणाले. गुन्हा कबूल करावा तशा आवाजात.

"ती तिने का वापरली? त्याने तुम्हाला काय कळलं?"

"आग खालून वर गेली. हळू नाही, फार वेगाने पण नाही. पडदा पातळ होता, जळला कमी, आकसला जास्त. आणि—" ते थांबले. "आणि ती घाबरली नव्हती त्या क्षणी. बघतच राहिली होती. मोजा ओढणं ही रोजची गोष्ट आहे. भीती मागाहून आली असणार."

मेहुणीने जाडजूड वही उचलली आणि सरळ रद्दीच्या ढिगावर टाकली. "वीसपैकी वीस! अहो, हेच तर विचारतात! तुम्ही आजवर लेखकाला आरोपी समजत होता. त्याला साक्षीदार समजा. दुसरं काही सोडून त्याने हेच का म्हटलं? दोन वस्तूंत नेमकं सारखं काय आहे? आणि त्याला तुम्हाला काय वाटायला लावायचंय?"

"म्हणजे संशय घ्यायचा."

"घ्या! पोटभर घ्या!"

झालं. एवढी परवानगी मिळाल्यावर माणूस सुटला. पुढचे दोन महिने घरात कुणाला धड बोलायची सोय राहिली नाही. बायको म्हणाली, "काम करून करून पाठीचा काटा ढिला झाला माझा," तर हे डोळे बारीक करून, "काटाच का? कंबर का नाही?" साबणाच्या जाहिरातीत फेस हसत होता, तर फेस कुणाला हसतोय याचा टीव्हीसमोर अर्धा तास तपास. खालच्या बाई जिन्यात म्हणाल्या, "माझा मुलगा म्हणजे नुसता वारा आहे हो, घरात टिकत नाही," तर नाकसाहेब दोन पायऱ्या परत वर चढून आले आणि विचारते झाले, "वारा आत येतो तसा बाहेरही जातो. तुम्हाला त्याचं येणं आठवलं की जाणं?" बाईंचे डोळे भरून आले. मुलगा खरंच दूर नोकरी धरून जायच्या बेतात होता, हे त्यांनी अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेचा उतारा सुट्टीतल्या रिकाम्या शाळेचा निघाला. बाकांवर खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या, पाठीवर पडलेल्या भुंग्यांसारख्या. भिंतीवरचं घड्याळ रिकाम्या वर्गाला रागावत होतं. नाकसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. भुंगा पाठीवर पडला की आपण होऊन उलटत नाही, त्यांनी लिहिलं. पाय वर करून धडपडतो आणि कुणीतरी येऊन सरळ करायची वाट बघतो. म्हणजे मुलं येईपर्यंत खुर्च्या असहाय आहेत, असं लेखकाला सुचवायचंय. 'टेबलासारख्या' किंवा 'काठ्यांसारख्या' म्हटलं असतं तर खुर्च्या नुसत्या वस्तू राहिल्या असत्या. घड्याळाबद्दल लिहिलं: जो रिकाम्या खोलीला रागावतो त्याला आज्ञा करायची सवय असते. समोर कुणी नाही हे त्याला कळत नाही किंवा कबूल करायचं नाही. म्हणून वाचकाला आधी हसू येतं आणि मग त्याची कीव येते.

तीन आठवड्यांनी लिफाफा आला. नाकसाहेबांनी तो उजेडासमोर धरला, हुंगला, कडेने कापला. आत लिहिलं होतं: तिसऱ्या विभागात वीसपैकी अठरा. त्याखाली लाल शाईत: मागील गुण दोन व तीन. निकाल राखून ठेवला आहे. उत्तरं स्वतःची असल्याबद्दल शंका असल्याने उमेदवाराने तोंडी खुलाशासाठी हजर राहावं. खुलासा समाधानकारक नसल्यास परीक्षा रद्द समजली जाईल.

परीक्षा रद्द म्हणजे तिसरी संधी संपली. म्हणजे गोदाम.

बायकोने त्या मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण नाकसाहेब कागदाकडे बघत होते, आणि मग त्यांनी नको तेच केलं. वर बघून मेहुणीला विचारलं, "तू मंडळात कुणाला ओळखतेस? कुणाकडे माझ्याबद्दल काही बोललीस? कुणाला सांगितलंस, आमच्या भाऊजींकडे जरा बघा म्हणून?"

मेहुणी उठली, पिशवी घेतली, चपला घातल्या. "दोन महिने शाळा सुटली की धावत येतेय," ती म्हणाली. नेहमीची कात्री आवाजात नव्हती. "तुमचे अठरा गुण तुमचे आहेत, यावर विश्वास ठेवणारी मी एकटी होते बहुतेक. तुमचाही विश्वास नव्हता." आणि गेली.

"आता कळलं?" बायको म्हणाली. "समोरचा आपल्याकडे असा बघतो तेव्हा आत काय होतं ते?"

दोन, तीन, अठरा. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, नाकसाहेब मनाशी म्हणत होते. बोलावलंच असतं. त्यात चूक काहीच नाही, आणि तरी छातीत निखारा ठेवल्यासारखं होतंय. चोवीस वर्षांत ज्यांना समोर बसवलं, त्यांतले किती जण खरं बोलत असतील आणि असाच निखारा घेऊन घरी गेले असतील?

दुसऱ्या दिवशी ते मेहुणीच्या शाळेबाहेर जाऊन उभे राहिले. ती बाहेर आली, बघितलं न बघितल्यासारखं करून चालू लागली. ते शेजारून चालत राहिले. कोपरा आल्यावर म्हणाले, "काल जे विचारलं ते विचारायला नको होतं."

"हं."

"तोंडी परीक्षेला येशील का बरोबर?"

"साक्षीदार म्हणून?"

"छे. तुझी ताई एकटी बाहेर बसली तर शिपायाशी भांडेल."

मेहुणी हसली नाही, पण चालायचा वेग कमी केला.

मंडळाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर. बायको आणि मेहुणी बाहेर बाकावर, नाकसाहेब आत. खोलीत शिरताच त्यांनी ओळखलं: खुर्ची खिडकीसमोर ठेवलीये. उजेड उत्तर देणाऱ्याच्या तोंडावर, विचारणाऱ्याचा चेहरा सावलीत. ही तर आपलीच युक्ती! टेबलामागे परीक्षकबाई होत्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, समोर नाकसाहेबांचे तीन पेपर एका रांगेत मांडलेले. चेहऱ्यावरची माशीही हलणार नाही असा भाव. नाकसाहेबांना आदर वाटला आणि घामही फुटला.

"हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी पहिल्या पेपरवर बोट ठेवलं. "'लेखकाची पुन्हा चौकशी व्हावी'?"

"हो."

"आणि हे भुंग्याचंही तुम्हीच?"

"हो."

"एक माणूस?"

"एकच. मधे शिकवणी लावली होती."

"शिकवणीने इतका फरक पडत नाही. मी एकतीस वर्षं पेपर तपासतेय." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "हा उतारा कुठल्याही पुस्तकात नाही, तेव्हा पाठांतराचा उपयोग नाही. मोठ्याने वाचा. यातल्या तुलनांबद्दल बोला. वाचनाची परीक्षा आहे, तेव्हा बोला आपल्या भाषेत."

नाकसाहेबांनी वाचलं. उतारा आगीचा होता. मुद्दाम, अर्थात. आठच ओळी. आग भुकेल्या वाघासारखी घरावर झेपावली. धूर म्हणजे काळी चादर होती. ती सगळ्यांवर पांघरली गेली. तुळया वेदनेने कण्हल्या. सकाळी सगळं शांत झालं, तेव्हा फक्त किटली चुलीवर मान वर करून उभी होती, कुणीतरी आपल्याला बोलावेल म्हणून.

सोपं होतं. वाघ ही उपमा, चादर हे रूपक, कण्हणाऱ्या तुळया माणसासारख्या. वाचकाच्या मनात भीती निर्माण होते, एवढं म्हटलं तरी आठ गुणांचं काम झालं असतं. पण समोरची बाई बघत होती, आणि खोटी साक्ष काही त्यांना देता येईना.

"वाघ उसना आहे," ते म्हणाले.

"काय?"

"भुकेला वाघ सावज निवडतो. आग निवडत नाही, जे शेजारी असेल ते घेते. वाचक घाबरेल, पण वाघाला घाबरेल, आगीला नाही. चादरही तशीच. चादर वरून येते. धूर आधी छताला लागतो आणि मग खाली उतरतो, हे खरं, पण चादरीखाली माणूस झोपतो. इथे कुणी झोपलेलं नाही. ज्याने हे लिहिलं त्याने कुठेतरी वाचून लिहिलं. जळत्या घरासमोर उभं राहून नाही."

परीक्षकबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे मी लिहिलंय. काल दुपारी."

नाकसाहेबांच्या डोळ्यांसमोर नळ्याच नळ्या आल्या. गुंडाळलेल्या, मांडलेल्या, टोकापर्यंत. शब्द मागे घ्यायला हीच वेळ होती. त्यांनी ते घेतले नाहीत.

"लेखकाला नावं ठेवण्याचे गुण नसतात," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. दोनदा तेच करून आलोय." त्यांनी कागद पुन्हा उचलला. "पण माझं संपलं नाही. शेवटची ओळ वेगळी आहे. किटलीची."

"त्यात काय?"

"ती उसनी नाही. वाघ कुणालाही सुचतो. आगीनंतर चुलीवर किटली उभी राहते, हे सुचत नाही, बघावं लागतं. पत्र्याची भांडी लोळतात, काच फुटते, जाड किटली राहते. नळीचं तोंड वर. त्यालाच इथे मान म्हटलंय. आणि ती बोलावण्याची वाट बघते म्हणजे घरातली रोज हाक मारणारी माणसं तिथे नाहीत. बाकीच्या सात ओळींत भीती आहे, असं लेखकाचं म्हणणं आहे. पण भीती कुठेच नाही. या एका ओळीत दुःख आहे, आणि ते लेखकाला लपवायचं होतं, म्हणून आधी वाघ आणून उभा केला."

बाईंनी कागद त्यांच्या हातून परत घेतला.

"तुम्ही आग पाहिली नाही," नाकसाहेब हळू म्हणाले. "आगीनंतरचं घर पाहिलंत. लहान होतात. किटलीच्या उंचीवरून बघत होतात, म्हणून तिची मान वर दिसली."

परीक्षकबाईंनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला. बराच वेळ त्या तिन्ही पेपर एकावर एक नीट रचत राहिल्या. कडा जुळल्या तरी रचत राहिल्या.

"सात वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "मावशीकडे गेले होते राहायला. दुसऱ्या दिवशी आणून दाखवलं."

मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. त्यावर दोन चौकोन होते, शंका कायम आणि शंका दूर. दुसऱ्यावर खूण केली, सही केली, शिक्का मारला आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. नाकसाहेबांनी खूण बरोबर चौकोनात आहे ना ते पाहिलं, तारीख पाहिली, शिक्का हुंगल्यासारखा जवळून पाहिला आणि मगच सही केली. पास. तपासाचं काम शाबूत. आता उठून जायचं होतं.

ते उठले नाहीत.

"कारण सापडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कसलं?"

"आगीचं."

"नाही. कुणी शोधलंच नाही बहुतेक. घरात सगळे म्हणायचे, आईने चूल पेटती ठेवली असेल." त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "अजून म्हणतात."

नाकसाहेबांनी खुर्ची उजेडातून बाजूला घेतली. खिशातून वही काढली.

"चूल पेटती असती तर किटलीचं बूड वितळलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता ती उभी होती. बुडाचा रंग आठवतो? नसेल आठवत तर राहू द्या. आधी सांगा, स्वयंपाकघराचं दार कुठल्या भिंतीला होतं?"

परीक्षकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उतारा लिहिलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलने एक चौकोन काढला.

बाहेर बाकावर तासभर झाला तेव्हा बायकोचा धीर सुटला. "भांडले असणार. बाईंना जबाब द्यायला लावला असणार. सांगते ना मी, ह्यांचं तोंडच—"

दार उघडलं. नाकसाहेब बाहेर आले, हातात शिक्क्याचा कागद, वहीत काहीतरी घडी घालून ठेवलेलं.

"काय झालं?" दोघी एकदम उठल्या.

"पास."

"मग एवढा वेळ आत काय करत होतात?" बायकोने विचारलं.

"काम होतं."

"पास झाल्यावर कसलं काम? आणि ते वहीत काय आहे?"

"कागद."

"कसला कागद? कुणाचा?"

नाकसाहेब जिना उतरू लागले. बायको मागे, तिच्यामागे मेहुणी. पहिल्या मजल्यापर्यंत बायकोने सात प्रश्न विचारले आणि एकाचंही धड उत्तर मिळालं नाही. खाली रस्त्यावर आल्यावर ती थांबलीच, कमरेवर हात ठेवून.

"तू बघितलंस ना," ती बहिणीला म्हणाली, "त्या बाईंचे डोळे लाल होते, दार उघडलं तेव्हा. काहीतरी लपवतायत हे."

"नक्कीच," मेहुणी म्हणाली. आणि नाकसाहेबांनी घराच्या उलट दिशेला, खात्याच्या जुन्या कागदांच्या कोठीकडे जाणारी बस पकडली, तेव्हा त्या दोघीही कुठे चाललात ते न विचारता मागच्या दाराने चढल्या.